हृल्लास

चैत्र संपत आला होता आणि महाविद्यालयात विद्यापीठाच्या परीक्षा चालू होत्या. वज्रेश्वरीहून भिवंडीला जाणाऱ्या सकाळच्या एसटीत, अंबाडी नाका येण्यापूर्वीच, मला वाहकाला गाडी थांबवायला सांगावे लागले. रस्त्याच्या कडेला वाकून मी जे काही केले त्याचे वर्णन करण्याची ललित निबंधात प्रथा नाही. परत येऊन बसले तेव्हा शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी पिशवीतून एक लिंबू काढून माझ्या हातात ठेवले, आपल्या पदराने माझ्या कपाळावरचा घाम टिपला आणि हलक्या आवाजात विचारले, ''कितवा महिना गं बाय?''

मी तेव्हा चव्वेचाळीस वर्षांची होते. मी म्हटले, ''तसं काही नाही हो आजी. पित्त झालंय.'' या उत्तराचा पहिला भाग खरा होता आणि दुसरा खोटा. पण तो खोटा आहे हे कळायला मला आणखी अकरा दिवस लागायचे होते.

माझ्या हृदयाची हकिकत थोडक्यात सांगते, कारण तिच्यात नवल असे काही नाही. आपल्याकडे हजारो घरांत ती घडली आहे. १९९१ साली, अकरा वर्षांची असताना, घसा दुखून ताप आला आणि त्यापाठोपाठ गुडघे, घोटे, मनगटे अशी सांधेदुखी अंगभर फिरली. संधिवाताचा हा ताप सांधे चाटतो आणि हृदयाला चावतो, असे वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना शिकवतात म्हणे. मला तो चावला. डाव्या बाजूची, दोन पाकळ्यांची झडप जाड होऊन आकसत गेली. दर एकवीस दिवसांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन हे माझ्या शाळकरी वयाचे खरे पंचांग होते. २००४ साली मुंबईतील एका मोठ्या रुग्णालयात मांडीच्या शिरेतून फुगा नेऊन ती झडप उघडण्यात आली. त्यानंतर डॉक्टरांनी सांगितले की आता देखरेखीखाली मूल होऊ शकेल, मात्र जोखीम राहील. त्या 'मात्र'वर आम्ही दोघांनी चार वर्षे विचार केला आणि मग विचार करणे सोडून दिले. निर्णय कोणी लादला नाही. भीती माझीच होती.

२०१९ मध्ये हृदयाचा ठेका चुकू लागला. वरचे कप्पे आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरत होते. भिवंडीसारख्या यंत्रमागांच्या गावात, जिथे गल्लीगल्लीतून एकाच मात्रेतली खटखट ऐकू येते, तिथे आपल्या छातीत मात्र असा बेताल मागवाला बसावा याची मला गंमतही वाटली. औषधे वाढली. रक्त पातळ ठेवणारी गोळी, अंगातले पाणी काढणारी गोळी, ठोके आवरणारी गोळी, आणि त्यांच्या जोडीला एक अगदी चिमुकली पांढरी गोळी : डिगॉक्सिन, ०.२५ मिलिग्रॅम. ती आठवड्यातून पाचच दिवस घ्यायची, शनिवार-रविवार सुट्टी. ही पद्धत आपल्याकडचे डॉक्टर बरीच वर्षे पाळत आले आहेत. प्राध्यापकाला पाच दिवसांच्या आठवड्याचे औषध मिळावे, यावर आमच्या स्टाफरूममध्ये पुष्कळ विनोद झाले.

पाव मिलिग्रॅम म्हणजे किती? तांदळाच्या एका दाण्याच्या वजनाचा सुमारे ऐंशीवा-शंभरावा हिस्सा. गोळीत बाकीचे सगळे भरताड असते. एवढ्याशा वस्तूने माणसाचे जेवण हिरावून घ्यावे, हे मला फार काळ खरेच वाटले नाही.

मळमळ या दुखण्याला आपल्याकडे प्रतिष्ठा नाही. छातीत दुखते म्हटले की घर जागे होते. मळमळते म्हटले की बडीशेप पुढे येते. दुखणे दाखवता येते, त्याला जागा असते. मळमळीला जागा नसते. ती पोटात आहे म्हणावे तर घशात असते, घशात म्हणावे तर डोळ्यांमागे. मी गेली वीस वर्षे काव्यशास्त्र शिकवते. भरताने सांगितलेले आठ सात्त्विक भाव मुलांकडून पाठ करून घेते. त्यांत स्वेद आहे, वेपथू आहे, वैवर्ण्य आहे. घाम सुटणे, कापरे भरणे, चेहऱ्याचा रंग उतरणे हे सगळे मळमळीच्या आधी आणि मळमळीबरोबर येते. स्वतः मळमळ मात्र त्या यादीत नाही. आपल्या भाषेनेही तिच्यावर एक खोडसाळ अन्याय करून ठेवला आहे. तोंडाला पाणी सुटणे हा वाक्प्रचार आपण हव्यासासाठी वापरतो. पण ओकारी येण्यापूर्वीही तोंडाला असेच, याहून जास्त, पाणी सुटते. ज्याने दोन्ही अनुभवले आहे त्याला हव्यास आणि शिसारी यांच्यातले अंतर वाटते तेवढे मोठे नाही हे कळते.

आयुर्वेदाच्या ग्रंथांत मात्र मळमळीला एक शब्द आहे, आणि तो मला आजारपणातच नीट दिसला : हृल्लास. हृद् अधिक लास. लास म्हणजे हालणे, नाचणे; लास्य या शब्दात आहे तोच धातू. ज्यांनी हा शब्द घडवला त्यांना मळमळ हृदयाजवळची वाटली. आमच्या गावाकडेही 'जीव मळमळतो' म्हणतात, 'पोट मळमळते' असे कोणी म्हणत नाही. सार्त्रची 'नॉशिआ' (१९३८) मी एम.ए.च्या वर्गात नवकथेच्या अनुषंगाने कितीदा तरी सांगितली आहे. त्या नायकाला अस्तित्वाची मळमळ होते, असे फळ्यावर लिहिलेही आहे. आता त्या तासाला माझा आवाज थोडा खाली येतो.

गेली दोन वर्षे मळमळ सौम्यपणे होतीच. तिला एक वेळापत्रक होते, आणि ते माझ्या वहीत माझ्याच अक्षरात लिहिलेले होते. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळीसाठी मी रोजच्या खाण्याची नोंद ठेवते. पालेभाजी कधी किती खाल्ली हे त्या औषधाला महत्त्वाचे असते. त्या नोंदीत सोमवारी सकाळी 'दोन भाकऱ्या' असे दिसते. बुधवारी 'एक'. शुक्रवारी 'चहा-बिस्कीट, तेही नको झाले'. पुन्हा सोमवारी दोन भाकऱ्या. शनिवार-रविवारच्या सुट्टीत औषध अंगातून उतरत होते आणि आठवडाभरात पुन्हा साठत होते. डिगॉक्सिनची अंगातली मात्रा निम्मी व्हायला दीड-दोन दिवस लागतात, मूत्रपिंड थकलेले असले तर त्याहून जास्त. हे सगळे त्या पानांवर स्वच्छ उमटले होते. कवितेच्या चार ओळींतला आकृतिबंध शोधायला मुलांना शिकवणारी मी, स्वतःच्या वहीतला आकृतिबंध दोन वर्षे पाहत होते आणि त्याला 'आठवड्याचा शीण' म्हणत होते.

पित्त हा शब्द याला बराचसा जबाबदार आहे. मराठी घरात पित्त सर्वांना सामावून घेते : जागरण, उपास, राग, ऊन, सुनेचे तोंड पाडून बसणे. सासूबाईंनी मोरावळा दिला, कोकमाचे सार दिले, आलेपाक दिला, एका संध्याकाळी मीठ-मोहरी उतरवून दृष्टही काढली. मी निमूट सगळे घेतले, कारण ते माझ्यासाठी केले जात होते आणि त्यातले निम्मे चविष्ट होते. गावातले स्पष्टीकरण आणखी वेगळे. अकलोली, गणेशपुरी, वज्रेश्वरी इथल्या गरम पाण्याच्या कुंडांना गंधकाचा वास येतो. ज्यांचा जन्म इथला नाही त्यांना तो सोसत नाही, असे शेजारी सांगत. लग्नानंतर वीस वर्षांनी तो वास अचानक का सोसेनासा व्हावा हे मी विचारले नाही.

आणि गोड बातमीचा संशय तर होताच. चव्वेचाळिसाव्या वर्षी तो कोणी उघड बोलत नाही. नळावर, पिठाच्या गिरणीत, मंदिराच्या पायथ्याशी फुलांच्या दुकानात बायकांची नजर क्षणभर माझ्या पोटापर्यंत जाऊन परत येई. मला राग यायला हवा होता. पण एका सकाळी, नळाखाली चूळ भरत असताना, माझ्याच मनात एक वेडी मोजणी सुरू झालेली मी पकडली : मागची पाळी कधी आली होती? ओकाऱ्या, अन्नावरची वासना उडणे, फोडणीचा वास नकोसा होणे. ज्या खुणांची मी एकेकाळी भीती बाळगली आणि नंतर वाट पाहिली, त्या सगळ्या आता एका पांढऱ्या गोळीने माझ्या अंगावर आणून ठेवल्या होत्या. मी हे नवऱ्याला सांगितले नाही. डॉक्टरांना मळमळीविषयी न सांगण्यामागेही, मला वाटते, हे एक कारण होते. जोवर निदान होत नव्हते तोवर त्या खुणा कशाच्याही असू शकत होत्या.

चैत्री अमावास्येला वज्रेश्वरीची यात्रा भरते. त्याच्या काही दिवस आधी मला खोकला झाला होता. जवळच्या एका डॉक्टरांकडून मी एक प्रतिजैविक घेतले. मला हृदयाची कोणती औषधे चालू आहेत हे त्यांना सांगायचे राहिले, म्हणजे मीच सांगितले नाही. पायांवर सूज होती म्हणून त्याच महिन्यात पाणी काढणारी गोळी दुप्पट झाली होती. क्लॅरिथ्रोमायसिन या प्रतिजैविकाने डिगॉक्सिनची रक्तातली पातळी चढते, आणि पाण्याबरोबर पोटॅशियम निघून गेले की तेवढेच डिगॉक्सिन हृदयाला अधिक विषारी ठरते. शिवाय ओकाऱ्यांतूनही पोटॅशियम जाते. औषधाने ओकारी, ओकारीने औषध अधिक जहाल, असे ते चक्र आहे. यातले काहीही ठाऊक नसताना मी औषधाच्या दुकानातून ओकारी थांबवणाऱ्या गोळ्या चिठ्ठीशिवाय आणल्या. डॉम्पेरिडोन हे आपल्याकडे बडीशेपेसारखे मागितले जाणारे औषध हृदयाच्या विद्युत्-ठेक्यात ढवळाढवळ करू शकते, आणि पोटॅशियम कमी असलेल्या माणसाने तर ते विचारल्याशिवाय तोंडात घालू नये, हे मला नंतर जरा चढ्या आवाजात ऐकावे लागले.

देवीच्या मंदिराला बावन्न पायऱ्या आहेत. वसईच्या १७३९च्या मोहिमेत चिमाजीअप्पांनी देवीला नवस बोलला आणि विजयानंतर हे किल्ल्यासारख्या तटाचे मंदिर बांधले गेले, हा इतिहास इथल्या प्रत्येकाला येतो. मला या पायऱ्यांचा एक खासगी उपयोग आहे. कितव्या पायरीवर दम लागतो यावरून मी हृदयाची अवस्था जोखते. पायऱ्यांत एक कासव कोरलेले आहे. चांगल्या दिवसांत ते मागे टाकून जाते, वाईट दिवसांत तिथे थांबते. त्या वर्षी यात्रेच्या दिवशी मी कासवापर्यंतही गेले नाही. दम लागला म्हणून नव्हे. खाली तळणीत जिलबी पडत होती, भज्यांचा घाणा चालू होता, आणि त्या वासाने पाय जमिनीला खिळले.

वज्रेश्वरीची कथा अशी सांगतात : वसिष्ठांच्या यज्ञात आपल्याला आहुती दिली नाही म्हणून रागावलेल्या इंद्राने वज्र फेकले, आणि देवीने ते गिळले. लहानपणापासून पुराणकथांत मी पुष्कळ शस्त्रे अडवलेली, तोडलेली, परतवलेली वाचली होती. गिळलेले हे एकच. पायरीवर बसून मला पहिल्यांदा प्रश्न पडला की त्यानंतर तिला काय झाले? कथेत त्याचा उल्लेख नाही. इंद्राचा गर्व उतरला, दैत्य मेले, सर्वांचे काम झाले. पोटात वज्र घेऊन ती रात्री कशी झोपली हे कोणी लिहून ठेवलेले नाही.

त्या रात्री स्वयंपाकघरातल्या ट्यूबलाइटभोवती पिवळसर हिरवे कडे दिसले. मी डोळे धुतले. कडे तसेच. दुसऱ्या दिवशी नवऱ्याने न विचारता गाडी ठाण्याकडे काढली. नाडी मिनिटाला ४२. पोटॅशियम २.९, ते निदान ३.५ असायला हवे. डिगॉक्सिनची रक्तातली पातळी २.६ नॅनोग्रॅम, ती १च्या आत असावी असे हल्ली मानतात, आणि २च्या वर धोका स्पष्ट असतो. तीन रात्री मी मॉनिटरखाली होते.

''मळमळ किती दिवस आहे?'' डॉक्टरांनी विचारले.

''दोन वर्षं.''

त्यांनी पेन खाली ठेवले. ''दोन वर्षांत तुम्ही माझ्याकडे सात वेळा आलात.''

''तुम्ही विचारलं नाहीत,'' असे मी म्हणू शकले असते. पण त्यांनी प्रत्येक वेळी 'बाकी काही त्रास?' असे विचारले होते आणि मी प्रत्येक वेळी 'नाही' म्हटले होते. आपल्याकडे शहाण्या रुग्णाची जी कल्पना आहे, तीत तक्रार न करणे फार वरचे आहे.

घरी आल्यावर मी या गोळीचा इतिहास वाचला. बरे होण्याची प्राध्यापकी रीत तीच. विल्यम विदरिंग हा इंग्लंडमधला वैद्य आणि वनस्पतिशास्त्रज्ञ. श्रॉपशायरमधल्या एका म्हातारीकडे जलोदरावरचा घराण्यातला काढा होता. वीसेक वनस्पतींच्या त्या मिश्रणात काम करणारी वनस्पती फॉक्सग्लोव्ह, म्हणजे डिजिटॅलिस, हे त्याने ओळखले आणि दहा वर्षांच्या अनुभवानंतर १७८५ साली पुस्तक लिहिले. गंमत अशी की तो काढा प्यायलेल्यांना जोराच्या ओकाऱ्या व जुलाब होत, आणि लोकांना तेच त्याचे काम वाटे. लघवी होऊन सूज उतरते याकडे कोणाचे लक्षच नव्हते. विदरिंगने उलटे पाहिले. सूज उतरणे हे काम. जठर, नाडी किंवा आतडी यांनी हाक दिली की औषध थांबवायचे. पुढे कितीतरी काळ वैद्य मळमळ येईपर्यंत मात्रा चढवत आणि मग एक पायरी उतरत. रक्तातली पातळी मोजण्याची सोय नव्हती तेव्हा मळमळ हेच मोजमाप होते.

हे वाचून मी बराच वेळ पुस्तक मिटून बसले. 'दुष्परिणाम' या शब्दात आपण गृहीत धरतो की औषधाचे एक खरे बोलणे असते आणि बाकीची बडबड सोसायची असते. इथे ती बडबड हाच निरोप होता. मेंदूच्या तळाशी एक जागा आहे, जिथे रक्त आणि मेंदू यांच्यातला नेहमीचा पडदा नाही. रक्तात विष आले का हे ती सतत चाखून पाहत असते. माझ्या त्या जागेने दोन वर्षे अगदी चोख काम केले. आमच्या परड्यात कण्हेर आहे. तिच्यातही याच जातीचे विष असते, म्हणूनच मुलांना तिचे पान तोंडात घालू देत नाहीत. शरीराला कण्हेर आणि गोळी यांतला फरक कळत नाही. कळायचे कारणही नाही.

पिवळ्या कड्यांवरून व्हॅन गॉगचा पिवळा रंग डिजिटॅलिसमुळे असावा अशी एक अटकळ नेहमी सांगितली जाते, डॉ. गाशे यांच्या १८९०च्या चित्रात त्या वनस्पतीची डहाळीही आहे. मला ती अटकळ पटत नाही. मी ते पिवळे पाहिले आहे. त्याने चित्र काढावेसे वाटत नाही. असो.

आता गोळी अर्धी झाली आहे. दर काही महिन्यांनी पोटॅशियम आणि मूत्रपिंड तपासले जाते, आणि नवे कोणतेही औषध, अगदी खोकल्याचेसुद्धा, सुरू होण्यापूर्वी मी पर्समधली यादी पुढे करते. मळमळ पूर्ण गेलेली नाही. इतर औषधांचाही तिच्यात वाटा आहे. तिच्याशी काही तडजोडी झाल्या आहेत. उपाशीपोटी गोळी नाही. सकाळी ताटभर जेवण्याऐवजी दोन-दोन तासांनी थोडेसे : लाह्या, पेज, नाचणीचे आंबील, कोरडी भाकरी. गरम अन्नापेक्षा निवलेले बरे, कारण त्याचा वास कमी येतो. माझ्या माहेरी शिळ्याला नावे ठेवत, इथे मी ते मुद्दाम ठेवून देते. फोडणी देताना मी अंगणात जाऊन उभी राहते आणि सासूबाई ते पाहून न पाहिल्यासारखे करतात. आले चालते, पण रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळीमुळे डॉक्टरांनी 'चहापुरतेच' असे बजावले आहे. गोळी घेतल्यावर लगेच ओकारी झाली तर दुसरी गोळी आपल्या मनाने घ्यायची नाही, हा नियम मी कपाटाच्या दाराला चिकटवला आहे. आणि सलग दोन दिवस जेवण नको झाले की फोन करायचा. हे शेवटचे अजूनही जड जाते. फोन हातात घेतला की वाटते, एवढ्याशा कारणासाठी?

खरा त्रास वेगळाच उरला आहे. पूर्वी प्रत्येक मळमळ पित्ताची होती. आता प्रत्येक मळमळीचा अर्थ लावावा लागतो. कँटीनचा बटाटेवडा, रस्त्यातले खड्डे, परीक्षेचे गठ्ठे की रक्तातली पातळी? मी वही उघडून भाकऱ्या मोजते. पाळी आता थांबत आली आहे, तिचीही मळमळ असते म्हणे. तीही त्याच वहीत जाते.

गेल्या महिन्यात एसटीत त्या म्हाताऱ्या बाई पुन्हा भेटल्या. मी त्यांना ओळखले. त्यांनीही मला ओळखले असावे. त्यांनी माझ्या पोटाकडे पाहिले, मग चेहऱ्याकडे. मधल्या काळाचा काही हिशेब त्यांनी मनात केला असेल, तो त्यांच्या चेहऱ्यावर क्षणभर उमटला. मी सांगणार होते, की आजी, ते औषध होते. पण गाडी सुरू झाली, आणि त्यांनी काही न विचारता उठून मला खिडकीची जागा दिली.